मत्स्यालयाची नाडीपरीक्षा

आयुर्वेदाने रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याला पाहावे, हात लावून तपासावे आणि विचारावे. घरातील मत्स्यालयाच्या बाबतीत यातला तिसरा मार्ग बंदच असतो. मासा कण्हत नाही, ओरडत नाही, दाराशी येऊन बसत नाही. काचेआड तो मुकाट्याने आजारी पडतो आणि बहुतेक घरांत त्याच्या आजाराची पहिली बातमी त्याच्या मृत्यूनेच कळते. सकाळी उठून पाहावे तो एक मासा पाण्यावर आडवा तरंगत असतो आणि घरातले लहान मूल विचारते, ‘हा असा का झोपलाय?’

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडको-इंदिरानगरपर्यंतच्या दिवाणखान्यांत दोन फुटी काचेची पेटी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. कधी मुलाचा वाढदिवस, कधी नव्या घराची वास्तुशांत, असे काहीतरी निमित्त होते आणि मासे घरात येतात. आमच्याही घरी मुलीच्या सातव्या वाढदिवसाला अशी पेटी आली आणि त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश तिच्यात सोडले गेले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागले. ‘नवे पाणी आहे, बसेल’ म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. आठव्या दिवशी सहाही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. ‘बाबा, त्यांना भूक लागलीय,’ मुलगी म्हणाली. मलाही तसेच वाटले. आम्ही चिमूटभर खाद्य जास्तच टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार मासे गेले होते.

त्या माशांना श्वास घेता येत नव्हता. खूण डोळ्यांसमोर होती. आम्ही ती उलटी वाचली आणि विष वाढवले. डोळे, नाक, कान आणि हात यांच्या साह्याने अशा खुणा वेळीच कशा टिपाव्यात, त्यांचा अर्थ कसा लावावा आणि पहिल्या तासात काय करावे, याची ही माहिती.

काचेआड काय घडते?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास उरते. मासे याच पाण्यात खातात, श्वास घेतात आणि मलविसर्जन करतात. त्यांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ विषारी; तिसरा बराच सौम्य असून पाणी बदलून काढता येतो.

नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात सर्वाधिक मासे दगावतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ‘मासे कमकुवत निघाले’ असे आपण म्हणतो. वास्तविक घर त्यांच्यासाठी तयार झालेले नसते.

या संतुलनाचा शोधही निरीक्षणातूनच लागला. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पात्रात पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. आजही तीच व्हॅलिसनेरिया आपल्या दुकानांत मिळते आणि पाणी गढूळ होताच कारण शोधण्याची गरजही तशीच कायम आहे.

आधी नित्याची ओळख

बिघाड ओळखण्यासाठी आधी निरोगी दिवस ठाऊक हवा. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी दिवा लावण्यापूर्वी आणि खाद्य घालण्यापूर्वी, पेटीसमोर पाच मिनिटे शांत बसावे. मासे मोजावेत. कोणता मासा कुठे रेंगाळतो, कोण आधी पुढे येतो, कोण कोणाला हुसकावतो, हे आठवडाभरात पाठ होते. मग एखाद्या सकाळी नेहमी पुढे येणारा मासा मागे राहिला, की ती बातमी कळायला कोणतेही उपकरण लागत नाही.

सकाळची वेळ सांगण्यास कारण आहे. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात. रात्री त्याही तो वापरतात. त्यामुळे दाट वनस्पती असलेल्या पेटीत पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी दिसणारी धाप दुपारी दिसेलच असे नाही.

डोळे : माशाचे वागणे

पृष्ठभागाशी धापणे ही सर्वांत तातडीची खूण होय. भुकेला मासा माणूस जवळ येताच पुढे झेपावतो, इकडेतिकडे फिरतो, खाद्य दिसताच त्यावर तुटून पडतो. धापणारा मासा एकाच जागी तोंड पाण्याच्या रेषेला लावून राहतो आणि त्याचे कल्ले भरभर हलतात. एक मासा धापत असेल तर त्याच्या कल्ल्यांचा आजार असू शकतो. सगळेच धापत असतील तर दोष पाण्यात आहे, असे समजावे. गुरामी आणि फायटर म्हणून ओळखला जाणारा बेट्टा हे मासे मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेतातच. तो त्यांचा स्वभाव आहे.

कल्ल्यांची गती मोजता येते. मासा शांत असताना अर्ध्या मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात ते मोजून दुप्पट करावे. हा आकडा जातीनुसार आणि तापमानानुसार बदलतो, म्हणून निरोगी दिवसांतला आपल्या माशाचा आकडा टिपून ठेवावा. पुढे तो बराच वाढलेला आढळला, की पाणी तपासावे.

पर, म्हणजे माशाचे पंख, अंगाला मिटून घेतलेले दिसणे ही दुसरी खूण. निरोगी मासा पर पसरून पोहतो. खडीवर किंवा दगडावर अंग घासणे हे परजीवींचे किंवा दूषित पाण्यामुळे होणाऱ्या जळजळीचे लक्षण असते. दिवसातून एखादे वेळी घासणे स्वाभाविक. तासात अनेकदा घासणे काळजीचे. कळपाने राहणारा मासा एकटा कोपऱ्यात जाणे, नेहमी वर पोहणारा तळाशी बसणे, खाद्य तोंडात घेऊन थुंकून टाकणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

एका बाबतीत मात्र घाबरू नये. निऑन टेट्रासारखे मासे अंधारात फिके पडतात. दिवा लावल्यावर काही वेळातच त्यांचा रंग परत येतो. तासाभरानेही न आलेला रंग ही खरी खूण.

डोळे : अंगावरील खुणा

अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजेच ‘इक’ होय. तो एका परजीवीमुळे होतो आणि थंडीत किंवा नवा मासा आणल्यावर विशेष दिसतो. येथे अनेकांची एक चूक होते. दोनतीन दिवसांत ठिपके नाहीसे झाले, की औषध थांबवले जाते. प्रत्यक्षात परजीवी माशावरून गळून तळाशी गेलेला असतो. तेथे त्याची शेकडो पिल्ले तयार होऊन नवा मासा शोधू लागतात. औषधाचा परिणाम या पोहणाऱ्या पिल्लांवरच होतो. म्हणून ठिपके गेल्यानंतरही औषधाचा पूर्ण क्रम पार पाडावा.

ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी धूळ शिंपडल्यासारखे दिसत असेल, तर तो ‘व्हेल्वेट’ नावाचा वेगळा आजार. समोरच्या उजेडात तो सहसा दिसत नाही. खोलीतला दिवा मालवून विजेरीचा झोत तिरपा टाकला की चमक उमटते. परांच्या कडा कुरतडल्यासारख्या, पांढुरक्या झाल्या तर परकूज समजावी. कापसासारखा पुंजका दिसला तर बुरशी किंवा तशाच दिसणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग असतो.

माशाकडे वरूनही पाहावे. पोट फुगून खवले सीताफळाच्या सालीसारखे उभे राहिलेले वरूनच आधी कळतात. ही अवस्था आली म्हणजे आजार खोलवर गेला असे समजून तो मासा लगेच वेगळा ठेवावा. कल्ले लालभडक आणि सुजलेले दिसणे हे अमोनियाच्या दाहाचे, तर ते तपकिरी दिसणे हे नायट्राइटच्या विषबाधेचे चिन्ह असू शकते.

डोळे : पाणी आणि काच

नव्या पेटीतले दुधाळ पाणी म्हणजे जिवाणूंची अचानक झालेली वाढ. ती आपोआप ओसरते. मात्र त्या काळात खाद्य निम्म्याहून कमी करावे. जुन्या पेटीत पाणी दुधाळ झाले, तर कुठेतरी काहीतरी कुजत आहे. पाणी हिरवे होणे हे उन्हाचे आणि साठलेल्या क्षारांचे लक्षण; पेटी खिडकीसमोर असेल तर जागा बदलावी. पिवळट पाणी सांगते, की बऱ्याच दिवसांत पाणी बदललेले नाही. मागे पांढरा कागद धरला की ही छटा चटकन कळते.

हवेचे बुडबुडे पृष्ठभागावर येताच फुटले पाहिजेत. ते साबणाच्या फेसासारखे टिकून राहू लागले, तर पाण्यात सेंद्रिय घाण वाढली आहे. पृष्ठभागावर तेलकट साय धरली, तर हवा आणि पाणी यांच्यातली देवघेव मंदावते. काचेच्या वरच्या कडेला पांढरी पुटे धरत असतील, तर पाणी जड आहे. नाशिकचा भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे आणि बोअरवेलचे पाणी सहसा जडच असते. अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळले जाते. तेव्हा ही पुटे एकाएकी वाढली तर पाण्याचा स्रोत बदलला आहे, हे ओळखावे.

नाक

पेटीचे झाकण उघडून वास घ्यावा. निरोगी मत्स्यालयाला पहिल्या पावसानंतरच्या ओल्या मातीसारखा मंद वास येतो. त्यात नवल नाही. ‘जिओस्मिन’ हे मातीला गंध देणारे द्रव्य पाण्यातील काही सूक्ष्मजीवही तयार करतात. हा वास मंद असेल तर चिंता नसावी.

सडलेल्या अंड्यासारखा वास मात्र धोक्याचा. जाड थरात दाबल्या गेलेल्या खडीखाली प्राणवायू पोहोचत नाही. तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अशी खडी एकदम ढवळू नये, तो वायू माशांच्या अंगावर येईल. दर आठवड्याला थोड्याथोड्या भागातली घाण नळीने ओढून काढावी. कुजक्या मासळीचा वास आला तर लगेच मासे मोजावेत. फिल्टरमागे किंवा दगडाखाली एखादा मेलेला मासा हमखास सापडतो. खडीवर निळसर हिरवा, चिकट थर आणि सोबत कुबट वास असेल तर ते साधे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात.

नाकाचा दुसरा उपयोग खोलीतील हवेसाठी. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. घराला रंग दिला जात असेल, झुरळांसाठी फवारणी झाली असेल, डासांचे औषध मारले असेल, तर ते सारे पंपावाटे पाण्यात जाते. कीटकनाशकांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माणसाला तुलनेने सौम्य; माशांना मात्र अत्यल्प मात्रेतही घातक असतात. फवारणीपूर्वी पेटी ओल्या कापडाने पूर्ण झाकावी, पंप बंद करावा किंवा त्याची हवा बाहेरून घ्यावी आणि वास पूर्ण गेल्यावरच पूर्ववत करावे. दिवाळीपूर्वीच्या रंगकामात ही काळजी घेणे विशेष अगत्याचे.

कान

दिवाणखान्यात रात्री दूरदर्शन संच बंद झाला, की मत्स्यालय ऐकू येते. पंपाची एकसुरी घरघर, बुडबुड्यांचा आवाज, फिल्टरमधून पडणारी धार यांची कानाला सवय होते. त्या सवयीतला खंड ही सूचना असते. बुडबुड्यांचा आवाज बारीक झाला, तर हवेचा दगड क्षारांनी बुजला आहे किंवा पंपातला रबरी पडदा फाटला आहे. फिल्टर खडखड करू लागला तर त्याच्या पात्यांत वाळूचा कण किंवा गोगलगाय अडकली असावी. पडणाऱ्या धारेचा आवाज मोठा झाला, तर बाष्पीभवनाने पातळी खाली गेली आहे. रात्री झाकणावर ‘टप्’ असा आवाज वारंवार येत असेल, तर मासे उड्या मारीत आहेत. ते पाण्याला कंटाळले आहेत असे समजून पाणी तपासावे.

आणि सर्वांत महत्त्वाची ती शांतता. वीज गेल्यावर पंप थांबतो, फिल्टर थांबतो आणि काही तासांत स्पंजवरचे उपयुक्त जिवाणूही गुदमरू लागतात. अशा वेळी खाद्य देऊ नये. मगाने पेटीतलेच पाणी घेऊन ते थोड्या उंचीवरून दर दहा मिनिटांनी ओतत राहावे. बॅटरीवरचा छोटा पंप असल्यास उत्तम. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात आणि फरशीवर उतरते. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला असेल, तर आतले साचलेले पाणी फेकून, स्पंज पेटीतल्या पाण्यात खळबळून मगच तो सुरू करावा.

स्पर्श

पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेची सर्व बटणे बंद करावीत. हीटर बंद केल्यावर तो पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावा. चालू उपकरणाच्या पेटीतील पाण्याला चुकून बोट लागले आणि मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ती वीजगळती होय. पुन्हा हात लावून खात्री करीत बसू नये. मुख्य बटण बंद करून ते उपकरण बदलावे. इथे धोका माशांपेक्षा घरातल्या माणसांना अधिक असतो.

हात धुतलेला हवा, पण साबणाचा अंश, बाम किंवा डासांचे मलम त्यावर नको. हातावर जखम असल्यास पाण्यात हात घालू नये. माशांच्या पाण्यातील एका जिवाणूमुळे त्वचेला चिवट संसर्ग होऊ शकतो. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

काचेचा आतला भाग बोटांना किंचित बुळबुळीत लागणे स्वाभाविक आहे. जाड, घट्ट चिकटा मात्र जास्त खाद्याचे लक्षण. पेटीखालची चौकट आणि फरशी हाताने चाचपावी. सिलिकॉनच्या सांध्यातून होणारी गळती आधी ओलसरपणा म्हणून कळते. पाणी, खडी आणि काच मिळून या पेटीचे वजन सहज ७० किलोच्या वर जाते, हे ध्यानात ठेवावे.

तापमानाच्या बाबतीत हाताचा भरवसा धरू नये. तळव्याचे तापमान पाण्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे २७ अंशांचे पाणीही गारच लागते. हाताने फक्त तुलना करावी : बादलीतले नवे पाणी आणि पेटीतले पाणी सारखे लागते का? आकडा हवा असेल तर स्वस्तातला तापमापक काचेला लावावा.

उरली जीभ. मत्स्यालयाच्या पाण्याची चव घेण्याचे कारण नाही. तिला या परीक्षेतून सुट्टी द्यावी.

नाशिकचे ऋतू

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम एवढाच तो विरघळू शकतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असलेल्या नाशिकमध्ये हे आकडे आणखी थोडे खाली येतात. उलट उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढते. म्हणून उन्हाळ्यात दुपारनंतर धापण्याकडे लक्ष ठेवावे. झाकण काढून जाळी लावावी आणि टेबलफॅनचा वारा पृष्ठभागावर सोडावा. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने कोरड्या हवेत पाण्याचे तापमान दोनतीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. अचानक बदल माशांना सोसत नाही.

पावसाळ्यात गंगापूर धरणात नवे, गढूळ पाणी येते. अशा काळात नळाचे पाणी काही वेळा गढूळ असते आणि त्यात क्लोरीनचा वासही अधिक जाणवतो. गढूळ पाण्यात आपण पिण्यासाठी तुरटी फिरवतो. मत्स्यालयात ती वापरू नये, कारण पाण्याचा सामू एकदम खाली येतो. पाणी बादलीत निवळू द्यावे.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते. गोल्डफिश ते सोसतो. एंजल, निऑन आणि बेट्टा हे उष्ण प्रदेशातले मासे सोसत नाहीत. ते तळाशी सुस्त बसले, खाईनासे झाले, तर आधी तापमापक पाहावा. ४५ लिटर पाण्याला साधारण ५० वॉटचा, आपोआप बंद होणारा हीटर पुरतो. थंडीत पचन मंदावते, म्हणून खाद्यही कमी करावे.

इंद्रियांना न कळणारे

इंद्रियांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. माशांना मारणारा अमोनिया रंगहीन असतो आणि त्या प्रमाणात माणसाच्या नाकाला त्याचा वासही येत नाही. स्वच्छ, पारदर्शक, बिनवासाचे पाणीही विषारी असू शकते. शिवाय सामू ७ वरून ८ वर गेला, की तेवढ्याच अमोनियातील विषारी अंश सुमारे दहापट होतो. त्यामुळे जड, अल्कधर्मी पाण्यात धोका अधिक.

क्लोरीनचेही तसेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन अपेक्षित असते. ते माणसाच्या आरोग्यासाठी आवश्यकच. पण माशांच्या नाजूक कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी मात्राही इजा करते. वास येत नाही म्हणून नळाचे पाणी थेट ओतू नये. ते उघड्या बादलीत चोवीस तास, शक्य तर हवा सोडून ठेवावे किंवा ‘हायपो’चे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, द्रावण सांगितलेल्या मात्रेत घालावे. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही दिवसभर हवा सोडूनच वापरावे.

म्हणून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू तपासणारा संच घरी असावा. पहिल्या दोहोंचे प्रमाण शून्यच हवे. इंद्रिये ‘काहीतरी बिघडले’ एवढे सांगतात. काय बिघडले, ते संच सांगतो. इंद्रियांनी वेळीच जागे केले नाही, तर संच कपाटातच राहतो.

पहिल्या तासात काय करावे?

कारण कळलेले नसतानाही निर्धोकपणे करता येतील असे उपाय मोजकेच आहेत.

१. खाद्य पूर्ण थांबवावे. निरोगी मोठा मासा दोनतीन दिवस उपाशी सहज राहतो.

२. हवा वाढवावी. दुसरा हवेचा दगड सोडावा किंवा फिल्टरची धार पृष्ठभागावर वळवावी.

३. मासे मोजावेत, मेलेला मासा, कुजकी पाने, उरलेले खाद्य काढावे.

४. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये.

५. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने त्यावरचे जिवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळावा.

६. तापमान आणि अमोनिया तपासावा. संच नसेल तर बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन दुकानात तपासून घ्यावा.

७. औषध शेवटी. निदान न होता दोनतीन औषधे एकत्र घालणे आजारापेक्षा घातक ठरते.

हे सारे करूनही मासा गेला, तर त्याला कुंडीतल्या मातीत पुरावे. गोदावरीत टाकू नये. तसेच नकोसा झालेला जिवंत मासाही नदीत किंवा तलावात सोडू नये. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा अशाच सोडण्यातून भारतातील अनेक जलाशयांत पसरला असून स्थानिक माशांना उपद्रवी ठरला आहे.

वहीतली एक ओळ

मत्स्यालयाशेजारी एक छोटी वही ठेवावी. रोज एकच ओळ : तारीख, माशांची संख्या, तापमान आणि काही वेगळे वाटले असल्यास ते. हे काम घरातल्या मुलाकडे द्यावे. मुलांची नजर मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते. त्यांना फक्त अर्थ समजावून द्यावा लागतो.

आमच्या घरी उरलेल्या दोन गोल्डफिशनी हे शिकवले. त्या चौघांच्या मृत्यूनंतर मुलीने वही सुरू केली. पुढल्या मे महिन्यात एका दुपारी तिने लिहिले होते, ‘दोघेही वर. खात नाहीत. कल्ले भरभर.’ या वेळी तिने खाद्याच्या डब्याला हात लावला नाही. पंख्याचे तोंड पेटीकडे वळवले, हवेची दुसरी नळी सोडली आणि मग मला हाक मारली. संध्याकाळी दोन्ही मासे खडी चाळीत फिरत होते.